स्वर्गातल्या टेलिफोनची कैफियत

मित्रांनो, टीव्हीवर मला पाहून कितीतरी घरांतल्या मुलांनी बोटे मोडली आहेत. 'आला मेला तो काळा टेलिफोन,' असे आज्यासुद्धा म्हणत. तोच मी. अंगाने जड, रंगाने काळा, पोटावर आकड्यांची गोल चकती आणि डोक्यावर रिसीव्हर. आता मी म्हातारा झालो आहे आणि माझ्यातून कोणाशीही बोलता येत नाही. पण माझ्यावर एक आळ आला होता. तो कसा दूर झाला हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या पोटात घंटा बसवली, वाजवून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "याचा आवाज ठणठणीत आहे. हा कोणाला स्वस्थ बसू द्यायचा नाही." मी ते कौतुक समजलो आणि मनातल्या मनात फुगलो.

माझे पहिले घर एका डॉक्टरांचे. जेवणाच्या टेबलापासून हाताच्या अंतरावर मला जागा दिली होती. डॉक्टरांची पत्नी मला रोज ओल्या फडक्याने पुसायची. कोणी माझी वायर ओढली तर तिच्या कपाळाला आठी पडायची. असा मान फार थोड्या वस्तूंना मिळतो.

पण त्या घरातला मुलगा माझ्याकडे रागाने बघायचा. त्याचेही खरे होते. वडील जेवायला बसले, त्याची शाळेतली गोष्ट रंगात आली, की मी खणखणायचो. पलीकडून इस्पितळातला आवाज एकच वाक्य बोलायचा, "डॉक्टर, तुमच्यावाचून अडलंय." हातातला घास तसाच ठेवून डॉक्टर निघायचे. एका वाढदिवसाला तर त्या मुलाने मला रजईत गुंडाळून ठेवले. माझ्या आवाजाने रजईलाही जुमानले नाही. डॉक्टर गेले, आणि मुलगा बराच वेळ केकच्या रिकाम्या ताटलीवर चमचा वाजवत बसला.

खरे सांगू का, मला तेव्हा फार वाईट वाटले. त्याच्यापर्यंत माझी अर्धीच गोष्ट पोहोचत होती. पुष्कळदा डॉक्टर तिथून निघाल्यावर पुन्हा फोन यायचा, "बाळ वाचलं हो, डॉक्टरांना सांगा." तोवर मुलगा झोपलेला असायचा. त्याच्या कानांत राहिली ती फक्त घंटा, आणि ते एक वाक्य.

पुढे डॉक्टर वारले. खिशात मावणारे फोन आले. माझी वायर कापली आणि मला माळ्यावर टाकले, गळक्या बादल्या आणि मोडक्या पंख्याच्या सोबतीला. धुळीने माझी चकती फिरेनाशी झाली. आपले कोणाला काही काम उरले नाही, हे दुःख सोसायला फार कठीण असते.

एक दिवस त्याच मुलाने मला खाली काढले. तो आता टीव्हीचा नावाजलेला दिग्दर्शक झाला होता. मला वाटले, दिवस पालटले. पालटले खरे, पण कसे ते ऐका.

त्याने एक अद्भुत मालिका रचली होती. कामाच्या ओझ्याखाली पिचलेली माणसे, एक वकील, एक बँकेतला साहेब, एक डॉक्टरीण, काम करता करता कोसळतात आणि डोळे उघडतात ते थेट स्वर्गाच्या बागेत. तिथे घाई नाही, थकवा नाही, कोणी कोणावर ओरडत नाही. फक्त झाडाखाली एका चौथऱ्यावर एक काळा टेलिफोन असतो. तो वाजतो. ज्याने उचलला त्याच्या कानात आवाज येतो, "साहेब, तुमच्यावाचून अडलंय." साहेब सुखावतात, हो म्हणतात, आणि क्षणात बाग नाहीशी होऊन ते पुन्हा आपल्या फायलींसमोर येऊन पडतात.

म्हणजे स्वर्गातून माणसे पळवणारा सैतान मी. ते काम मला मिळाले होते.

माझ्या पोटातली घंटा काढून घेतली. ती पुढे स्टुडिओतले साउंडवाले काका वेगळी वाजवायचे. बोलण्याच्या जाळीमागे त्यांनी एक बारीक माईक बसवला, म्हणजे फोनवर कुजबुजणाऱ्या नटांचा श्वाससुद्धा पकडता येई. मालिका गाजली. लोक एकमेकांना चिडवू लागले, "जा बाबा, तुझ्यावाचून अडलंय." मी मात्र चौथऱ्यावर मान खाली घालून असायचो. मला मान नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि गंमत बघा. ज्याने ही गोष्ट रचली तोच त्या स्टुडिओत अडकून पडला. दिवसभर कोणी ना कोणी धावत येई, "साहेब, लाइट कुठे लावू? तुमच्यावाचून अडलंय." तो सुखावायचा आणि उठायचा. घरी त्याची छोटी मुलगी होती. तो तिला मुंगी म्हणायचा. ती त्याला बहुतेक वेळा टीव्हीवर त्याचे नाव येते तेव्हाच भेटायची.

मुंगीच्या हृदयाला एक छोटे छिद्र होते. ते बुजवायचे ठरले, आणि ऑपरेशनचा दिवस नेमका शेवटच्या भागाच्या शूटिंगचा निघाला. आदल्या दुपारी इस्पितळात दाखल व्हायला जाताना मुंगीची आई तिला घेऊन स्टुडिओत आली.

"उद्या सकाळी आत नेतील तिला," आई म्हणाली. "येतोयस ना?"

"अगं, शेवटचा भाग आहे. संपला की तडक येतो." तो कागदांतून मान वर न काढता बोलत होता. "आणि मी तिथे येऊन काय करणार? मी काय डॉक्टर आहे?"

तोच एक कागद तो पुन्हा पुन्हा उलटत होता. घाबरला होता तो. घाबरलेली माणसे कामाच्या आड लपतात, हे मी डॉक्टरांच्या घरापासून पाहत आलो आहे.

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "बरं. तुझ्यावाचून काही अडणार नाही."

ती खुर्चीत जाऊन बसली. मुंगी हळूच सटकली आणि सेटवरच्या बागेत आली. कागदी फुले हुंगून पाहिली, प्लास्टिकच्या हिरवळीवर चप्पल काढून चालली आणि शेवटी माझ्यापाशी आली. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलला.

"हॅलो, स्वर्ग का? जरा बाबांना देता?"

मित्रांनो, माझ्या आतला माईक चालू होता. साउंडवाले काका तपासणी करत होते, आणि पलीकडे दिग्दर्शकाने नुकतेच हेडफोन कानाला लावले होते.

"बाबा, मी मुंगी. ऑपरेशन छोटंच आहे. डॉक्टरकाकांनी मला चित्र काढून दाखवलं. आई म्हणते, तुझ्यावाचून काही अडणार नाही." तिने रिसीव्हर तोंडाजवळ आणला. तिचा श्वास माझ्या जाळीवर आदळत होता. "पण माझं अडेल. थोडंसंच. तुला खूप काम असेल तर राहू दे. ठेवते हं."

तिने रिसीव्हर नीट जागेवर ठेवला आणि माझ्या अंगावरची धूळ फ्रॉकने पुसली. किती वर्षांनी कोणी मला पुसले.

दिग्दर्शकाने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले. लहानपणापासून तो माझी घंटा ऐकत आला होता. माझ्या पलीकडचे माणूस त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. तेवढ्यात प्रॉडक्शन मॅनेजर घाईघाईने आला. "साहेब, चला, सगळे खोळंबलेत. तुमच्यावाचून अडलंय."

"अडू दे," तो म्हणाला.

"अहो, उद्याचं काय? स्टुडिओ परवा सोडायचाय."

"उद्याही अडू दे."

त्याने हेडफोन काढून ठेवले, बागेत येऊन मुंगीला उचलले आणि तिच्या खांद्यावर तोंड लपवून रडला. डॉक्टरणीचे काम करणारी नटी मॅनेजरला एवढेच म्हणाली, "माझ्या तारखांची काळजी करू नका, मी पुन्हा येईन."

इस्पितळात मी नव्हतो. मुंगीने सांगितले ते सांगतो. आत नेईपर्यंत बाबाने तिचे बोट सोडले नाही. दारापाशी तिने विचारले, "तिकडे तुझं अडलं नाही ना?" तो म्हणाला, "सगळं अडलंय गं." ती हसतच आत गेली. दुपारी डॉक्टरांनी बाहेर येऊन, सारे नीट झाले, असे सांगितले. बाबा तिथेच जमिनीवर बसला म्हणे.

शेवटचा भाग पुढे दुसऱ्या स्टुडिओत, घाईने रंगवलेल्या बागेत पार पडला. आधी त्यात डॉक्टरीण मला वाजू देते आणि स्वर्गात राहते, असे होते. दिग्दर्शकाने ते बदलले. ती रिसीव्हर उचलते, आणि या वेळी तो लाघवी आवाज येत नाही. एक लहान मूल विचारते, "तू येतेस का?" ती स्वतःच्या पायांनी बागेबाहेर चालत जाते. पुष्कळ प्रेक्षक म्हणाले, शेवट बिघडवला. मला मात्र वाटले, माझ्या जुन्या डॉक्टरांना आज त्यांच्या मुलाने माफ केले.

मित्रांनो, घंटेला दोष देऊ नका. पलीकडे कोण आहे ते आधी ऐका. नुसते सुखावणारे असेल तर वाजू द्या. आपले माणूस असेल तर हातातले खुशाल अडू द्या. आणि घरात माझ्यासारखे एखादे जुने खोड पडलेले असेल, तर अधूनमधून त्याच्यावरून फडके फिरवा.

साउंडवाल्या काकांनी माझी घंटा मला परत दिली आहे. वायर नाही, त्यामुळे ती वाजत नाही. मी मुंगीच्या खोलीत खिडकीपाशी असतो. संध्याकाळी ती रिसीव्हर उचलते आणि विचारते, "हॅलो, बाबा आहे का?"

आणि शेजारच्या खोलीतून उत्तर येते, "आहे गं. बोल."