कुरुळीच्या शाळेची इर्जिक

सत्तावन सालच्या शिमग्याला कुरुळी गावानं ठरवलं, की यंदा आपली होळी शेजारच्या चिंबळीच्या होळीपेक्षा मोठी झाली पाहिजे. गावानं एकमतानं ठरवलेली आणि पार पडलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. होळी एवढी मोठी झाली, की देवळासमोरून उठून ती कडब्याच्या गंजीवर गेली, गंजीवरून शाळेच्या छपरावर गेली, आणि गाव घागरी घेऊन धावेपर्यंत शाळा म्हणावी असं काही उरलं नव्हतं. मदतीसाठी मारलेल्या बोंबा चिंबळीपर्यंत पोचल्या होत्या. पण होळीच्या दिवशी बोंबा कोण मनावर घेतो? चिंबळीकरांनी उलट बोंबा मारल्या आणि झोपून गेले.

माणसाला, जनावराला काही झालं नाही, एवढी देवाची कृपा. सकाळी केळसकर गुरुजी राखेत उभे होते. छप्पर गेलं, फळा गेला, नकाशे गेले, भिंती कंबरेएवढ्या राहिल्या. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा तेवढा शाबूत होता. गुरुजींनी सवयीनं तो वाजवला. पोरं सवयीनं आली, आणि काळ्या भिंतींच्या आत उभी राहून आपापली जागा शोधू लागली. ते पाहिल्यावर गुरुजींना तिथं उभं राहवेना. ते पिंपळाखाली गेले आणि पाठ फिरवून पाढे म्हणू लागले. पोरं मागोमाग आली.

केळसकर गुरुजी मूळचे कोकणातले, केळशीचे. अंगानं काडी, आवाजानं पिपाणी. चाकणच्या कांद्याच्या मुलखात सहा वर्षं काढूनही कांदा न खाणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत त्यांची कीर्ती होती. दुसरी कीर्ती अशी, की ते मुलींच्या मागं लागतात. म्हणजे शाळेत घालण्यासाठी. दारोदार जाऊन, ओसरीवर बसून, ताक पिऊन त्यांनी एकेक मुलगी शाळेत आणली होती. पहिली आली गुलशन. कारण तिचा बाप नूरमोहम्मद ट्रका दुरुस्त करी आणि त्यानं नाशिकपर्यंतचं जग पाहिलं होतं. मग खालच्या आळीच्या गोजाबाईंनी आपली नात दिली, आणि गोजाबाईंनी दिली म्हटल्यावर आळीतल्या बाकीच्यांची नाही म्हणायची छाती झाली नाही. गोजाबाई विधवा, पण नवऱ्यामागं आळीचा कारभार त्यांच्याच जिभेवर चाले. वरच्या आळीचे मालोजी पाटील मात्र नातीच्या बाबतीत बधले नव्हते. "शिकून मामलेदारीन व्हनार हाय का ती?" एवढं म्हणून ते गुरुजींना दुसरं ताक पाजत.

पंधरवड्यात स्कूल बोर्डाचे साहेब आले. रुमाल नाकाला लावून त्यांनी राख पाहिली आणि मनापासून हळहळले. "यंदा इमारतीला तरतूद नाही, गुरुजी. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा डोक्यावर छप्पर दिसलं तर ठीक. नाहीतर नावं चाकणच्या शाळेत घालू."

मुलगे चाकणला चालत गेले असते. वाटेत दोन बोरी आणि एक विहीर असल्यामुळे ते आनंदानं गेले असते. पण मुलींना एवढ्या लांब कोण धाडणार? नावं चाकणला गेली की त्याच दिवशी गुलशन चुलीपुढं आणि गोजाबाईंची नात शेळ्यांमागं, हे गुरुजींना पिंपळाखाली बसल्या बसल्या दिसत होतं.

गावानं चावडीवर सभा घेतली. शाळा कशी उभारायची हा विषय.

"होळी रचली खालच्या आळीनं," मालोजी पाटील म्हणाले.

"आनि पेटवली कुनी?" गोजाबाई दारातून म्हणाल्या. "काडी तुमच्याच हातात हुती न्हवं?"

"वारा तुमच्या अंगानं आला!"

"वाऱ्याला बी आता आळी हाय व्हय? मग त्याचा शेतसारा तुमीच भरा."

सभा दिवे लागेपर्यंत चालली. शेवटी आगीबद्दल दुःख व्यक्त करण्यात आलं. ते कोणी आधी व्यक्त करायचं यावरून पुन्हा भांडण झालं.

गुरुजी घरी आले ते शेजारच्या सोनबांच्या ओट्यावरच बसले. सोनबा म्हातारे, दोन्ही आळ्यांशी बोलणारा गावातला एकच माणूस, कारण त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येई. गुरुजींनी ओरडून विचारलं, "सोनबा, ह्या गावात एकत्र असं काही कधी झालंच नाही का हो?"

"झालं की. माज्या रानाची नांगरट. बैल मेला हुता माजा. इर्जिक घातली. समदं गाव बैलं घिऊन आलं, आन सांजच्याला रान मोकळं."

"दोन्ही आळ्या?"

"इर्जिकीला न्हाई म्हनत नसत्यात, गुरुजी. वैऱ्याची असली तरी जायाचं. दवंडी झाली की..."

पुढचं ऐकायला गुरुजी थांबले नाहीत. अर्धं ऐकून उठू नये, असं ते वर्गात रोज सांगत. पण त्या वेळी ते चावडीकडं पळत होते. दुसऱ्या दिवशी दवंडी झाली: वैशाखातल्या अमक्या आदितवारी शाळेची इर्जिक, घालणार केळसकर गुरुजी.

दवंडी गावभर फिरली. मग प्रत्येक ओसरीवर हसू फुटलं, आणि मालोजी पाटलांपासून गोजाबाईंपर्यंत सगळ्यांनी एकच शब्द दिला: येनार म्हंजे येनार. गुरुजींना भरून आलं. आपण गावाला उगाच नावं ठेवली, असं वाटून त्यांनी दोन दिवस कोणाच्या पोराला मारलंसुद्धा नाही.

नूरमोहम्मदनं तर कमाल केली. पिंपरीच्या कॅम्पात मिलिटरीच्या जुन्या बराकी मोडत होत्या. तिथल्या ठेकेदाराची मेलेली ट्रक त्यानं जिवंत करून दिली आणि मजुरी म्हणून छपराचे पत्रे मागून घेतले. त्याच ट्रकमधून, एका नव्या कारखान्याची यंत्रं ज्या खोक्यांतून विलायतेहून आली होती, त्या खोक्यांच्या फळ्याही आल्या. "गुरुजी, लकडा असला कडक हाय, ह्याला आग पन दोनदा विचार करून लागंल," तो म्हणाला.

इर्जिकीला दोन दिवस उरले असताना सोनबांनी सहज विचारलं, "बोकडं कुटनं आनताय, गुरुजी?"

"कसली बोकडं?"

"इर्जिकीची. घालनाऱ्यानं राबनाऱ्यास्नी मटान घालायचं. सोताच्या हातानं वाढायचं. त्येच तर बघाय येतंय गाव. चिंबळीचं बी येनार हायेत म्हनं."

जन्मात मटणाचा वासही न घेतलेल्या गुरुजींनी विचारलं,

"आणि... आणि रद्द केली तर?"

"मोडलेल्या इर्जिकीच्या मानसाकडं पुन्यांदा कुनी जात न्हाई. मयताला बी न्हाई."

या वेळी मात्र गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकलं. इर्जिकीचे आणखी काय काय कायदे, ते ओरडून ओरडून विचारलं. सोनबांनी सगळे सांगितले. त्यातल्या एका कायद्यापाशी गुरुजी जरा थबकले, तो पुन्हा वदवून घेतला, आणि मग उठून सरळ गोजाबाईंकडं गेले.

गोजाबाई ऐकता ऐकता हसू लागल्या. हसता हसता जात्याच्या खुंट्याला धरून बसल्या. "आवं, मला वाटलं तुमी बाटलाच! म्या आळीत सांगितलं, मास्तर सुदरला म्हनून!"

"हसा, गोजाबाई. पण जूनमध्ये तुमची नात शेळ्यांमागं जाईल तेव्हा हसू नका."

गोजाबाईंचं हसू थांबलं. जात्याकडं बघत त्या म्हणाल्या, "इर्जिक कुनाची? शाळंची. शाळा कुनाची? पोरींची. म्हंजी यजमान आमीच की. आखाडासाठी दोन बोकडं राखलीत, ती परवाच आखाड समजत्याल. नूरमोहम्मदचा चुलता हलाल करंल, म्हंजी समद्यांच्या तोंडात जाईल. रांधायचं आमा बायकांकडं." मग बोट रोखून, "पर वाढायचं तुमीच. त्यातनं सुटका न्हाई."

"वाढीन," गुरुजी म्हणाले. आवाज जरा अधिकच पिपाणीसारखा आला. "आणि बसवायचंही मीच ना?"

"कायदाच हाय त्यो. का वो?"

"काही नाही. खात्री केली."

आदितवारी उजाडता उजाडता गाडीवाटा धुळीनं भरल्या. वरची आळी, खालची आळी, मळ्यातले, वाडीतले, आणि ठरल्याप्रमाणे चिंबळीचेही आले. नांगरटीला जुंपायचे बैल चिखल तुडवायला उतरले. मालोजी पाटलांची बैलजोडी पहिली, कारण ती पहिली नसती तर आलीच नसती. दगड आले, भिंती चढल्या. एकमेकांशी बोलायचं नसल्यामुळे दोन्ही आळ्या गवंड्याशी बोलत होत्या, आणि गवंडी दोघांशी खोटं बोलत होता. "पलीकडची भिंत वितभर वर गेली बगा," एवढं तो या बाजूला सांगे आणि तेवढंच त्या बाजूला. भिंती अशा चढल्या, की दुपारपर्यंत त्याला मधे पडून थांबवाव्या लागल्या. नाहीतर कुरुळीला शाळेऐवजी बुरूज मिळाला असता. तिसऱ्या प्रहरी फळ्या जोडून केलेल्या छपराच्या कैच्यांवर पत्रे ठोकले गेले. शेवटच्या खिळ्याला नूरमोहम्मदनं वरून आरोळी ठोकली आणि खाली शंभर टोप्या उडाल्या.

आणि मग रश्शाचा वास आला.

माणसं हात धुऊन वळली, तर शाळेपुढच्या पटांगणात फक्कीच्या रेघा मारलेल्या. रेघेवर शाळेतल्या मुली बसलेल्या, वर्गात बसतात त्याच क्रमानं. गुलशनशेजारी गोजाबाईंची नात, तिच्याशेजारी वरच्या आळीतल्या सुताराची, तिच्यापलीकडं महारवाड्यातली. हातात पळी घेऊन गुरुजी उभे. नाकपुड्या मिटलेल्या, चेहरा फाशीच्या कैद्याचा.

"पाहुणेमंडळी," ते म्हणाले, "शाळेची इर्जिक, तेव्हा पंगत शाळेची. हजेरी घेतो. जी मुलगी हजर म्हणेल, तिच्या मागं तिच्या घरच्यांनी बसायचं. मुलगे वाढायला घेतलेत."

कुजबुज झाली. कोण कोणाच्या मांडीला मांडी लावणार हे एका क्षणात सगळ्यांना कळलं. पण सोनबा आधीच कोणाच्या तरी मागं बसले होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "यजमान बसवंल तितं बसायचं! कायदा हाय!" पोटात दिवसभराची भूक, आणि पातेल्यावरचं झाकण गोजाबाईंनी नेमकं तेव्हाच उघडलं. पंगत बसली. आळ्या विस्कटल्या त्या अशा, की नंतर कोणाला वेगळ्या काढता आल्या नाहीत.

ज्यांच्या घरची मुलगी शाळेत नव्हती, ते उभे राहिले.

"आमी कुटं?" एकानं विचारलं.

"नावाशिवाय मला कोणाला बसवता येत नाही हो," गुरुजी दुःखानं म्हणाले. "मुलगी आणा. नाव घालतो. भाची चालेल, पुतणी चालेल."

आणि एकच पळापळ झाली. कोणी मुलगी आणली, कोणी सुनेच्या कडेवरची दीड वर्षांची आणली, ती गुरुजींनी वयामुळे नाकारली. चिंबळीचे दोघे गाडी जुंपून भाचीला आणायला गेले. तिथल्या शाळेत तिचं नाव आहे, हे त्यांना वाटेत आठवलं म्हणे.

उभे राहिले एकटे मालोजी पाटील.

"पाटील, बसा की," गोजाबाई पंगतीतून म्हणाल्या. "हुबं ऱ्हाऊन पाय दुखत्याल."

"ही अडवनूक झाली, गुरुजी."

"झाली खरी," गुरुजी म्हणाले. "नात कुठं आहे?"

"घरी."

निघून जावं, तर इर्जिकीत राबून न जेवता जाणं म्हणजे यजमानाचा अपमान, शिवाय आपल्याच बैलांचा. पाटलांनी आभाळाकडं पाहिलं. तिथं नवे पत्रे चमकत होते. त्यांतले निम्मे त्यांच्याच माणसांनी वर चढवले होते. मग त्यांनी गावाला ऐकू जाईल असा आवाज टाकला, "मंजुळेऽ!"

मंजुळा घरून यायला हवी होती. ती भिंतीमागून आली. डोक्याला तेल, दोन वेण्या, धुतलेलं परकर-पोलकं. एवढी नटलेली पोरगी काही घरी बसायला निघाली नव्हती, हे पाटलांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. त्यांनी मान वळवली, तर पाटलीणबाई अंबुबाई भाकऱ्यांच्या दुरडीत काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होत्या.

"मंजुळा मालोजी," गुरुजींनी पुकारलं. आजोबाचं नाव बापाच्या जागी पडलं, पण त्या वेळी कोणी दुरुस्ती केली नाही.

"हजर!" असा आवाज निघाला, की बैलांनी माना वर केल्या.

मंजुळा गुलशन आणि गोजाबाईंच्या नातीमधे शिरून बसली, आणि तिच्या मागं पाटील बसले. डावीकडं नूरमोहम्मद, उजवीकडं गोजाबाई. गुरुजींनी श्वास रोखून त्यांच्या ताटात पळी उपडी केली. रस्सा थोडा धोतरावर गेला. पाटलांनी भाकरी मोडून घास घेतला. थोड्या वेळानं नुसतं म्हणाले, "मीठ बरं हाय." कुरुळीच्या इतिहासात वरच्या आळीनं खालच्या आळीच्या हाताला दिलेली ही पहिली पावती. गुरुजी शेवटी एकटे ताक-भाकर जेवले आणि त्यांनी तीन वेळा आंघोळ केली.

जूनमध्ये साहेब आले. पत्रे पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या, आत डोकावले आणि दारातच थांबले. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"गुरुजी, जळून गेलेल्या शाळेत मुली दुप्पट कशा झाल्या?"

"मटणानं, साहेब," केळसकर गुरुजी म्हणाले.

साहेबांनी वहीत आकडा मांडला. शाळा कुरुळीतच राहील, आणि एवढ्या मुलींना एक मास्तर पुरायचा नाही, दुसरा पाठवतो, एवढं म्हणून ते गाडीकडं वळले. गाडीपाशी मालोजी पाटील वाट अडवून उभे होते.

"साहेब, ल्हिवून घ्या, वरच्या आळीच्या पोरी जास्त हायेत."

"खोटं!" पाठीमागून गोजाबाई आल्या. "मोजा म्हनावं! मोजा आत्ताच्या आत्ता!"

साहेबांना त्या दिवशी दोनदा मोजावं लागलं. गोजाबाईंच्या आळीची एक मुलगी जास्त भरली. दुसऱ्याच दिवशी पाटलांनी वरच्या आळीत घरोघर फिरायला सुरुवात केली. ओसरीवर बसून, ताक पिऊन.