कुलपाआडचे आजोबा

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने मला विकत घेतलं. त्याच्या दुकानाच्या दाराला मी अर्धं आयुष्य लटकलो. रोज दुकान बंद केल्यावर तो मला दोनदा ओढून पाहायचा आणि म्हणायचा, "तू आहेस म्हणून मला झोप लागते." घड्याळांचं तेल तो मलाही पाजायचा. तेव्हा माझी छाती फुगायची.

तो तरुण पुढे आजोबा झाला. दुकान बंद पडलं आणि मुलाने शहराबाहेरच्या नव्या उपनगरात घर घेतलं. तिथे काल मोकळं दिसलेलं मैदान आज खोदलेलं असायचं. इमारतीही सगळ्या एकसारख्या! एकदा आजोबा फिरून आले, ते थेट दुसऱ्याच्या घरात सोफ्यावर बसले आणि वर चहाही मागितला. सगळे पोट धरून हसले. पुढच्या वेळी ते हमरस्त्याच्या मधोमध सापडले, तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही.

म्हणून मुलाने दाराला बाहेरून कडी बसवली. कामावर निघताना सूनबाई जेवण आणि पाणी हाताशी ठेवायच्या. "बाबा, वाईट वाटून घेऊ नका हं," असं म्हणत मुलगा मला कडीत अडकवायचा. ज्याच्या दुकानाची मी राखण केली, त्यालाच आता मी कोंडून ठेवत होतो. मला फार लाज वाटायची.

आजोबांना साखरेचा आजार होता आणि पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. "पोरांची आधीच ओढाताण, त्यात माझं कशाला?" असं पुटपुटत ते तिच्यावर मोजा चढवायचे. अशात एके दिवशी आरोग्य खात्याची ताई वस्तीत आली. कुणाला काय दुखतंय, इथे कसला दवाखाना हवा, हे ती घरोघर विचारत होती. जिन्यातला तिचा आवाज ऐकून आजोबा धडपडत उठले. मुलाला जे सांगवत नव्हतं, ते तिला सांगायचं त्यांनी ठरवलं.

ताईने मला हातात धरून हलवलं. "कुलूप आहे. घरात कुणी नाही, चला पुढे," ती सोबतच्या बाईंना म्हणाली आणि दारावर खडूने फुली मारून वळली. आजोबा भिंत धरून लंगडत येत होते. "अहो ताई, थांबा! मी आहे ना आत!" पण शेजारच्या अर्धवट घरात भिंतीला भोकं पाडणारं यंत्र घरघरत होतं. आजोबा दाराशी पोचले, तोवर लिफ्ट खाली गेली होती. मला तोंड असतं तर मी जीव तोडून ओरडलो असतो.

आमच्या मजल्यावर आणखीही कुलपं होती. त्यांच्याआड कोण होतं, ते त्यांनाच ठाऊक.

पुढे पाहणीचा निष्कर्ष फाटकावर लागला. मुलगा कौतुकाने सांगत आला, "बाबा, आपली वस्ती म्हणे तरुणांची! म्हातारी माणसं जवळजवळ नाहीतच. आपल्याला व्यायामशाळा देणार आहेत."

"छान झालं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतला.

घरात वास येऊ लागला, तेव्हा सूनबाईंनी तो मोजा उतरवला. रुग्णालय दूर होतं. तिथे पोचेपर्यंत जखमेचं विष अंगभर भिनलं होतं. आजोबा परत आले नाहीत. मुलगा मला हातात घेऊन उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

आता मी खिडकीत पडून काळवंडतोय. मला कुणी पुसावं, तेल द्यावं, असं माझं काही मागणं नाही. पण मित्रांनो, मोठे झाल्यावर लोकांची विचारपूस करायला तुम्ही घरोघर फिराल, तेव्हा कुलूप दिसलं तरी दार वाजवा. आणि लगेच निघू नका. आतल्या माणसाला दारापर्यंत यायला वेळ लागतो.