सत्तेचाळीस सेकंदांचा अंधार

माझ्या भिंगाच्या वरच्या कडेला, अंगठ्याएवढ्या जागेत, काळा रंग उडून पितळ दिसते. बाकी अंगावर ओरखडे आहेत. ही जागा मात्र गुळगुळीत आहे. मित्रांनो, मी रिळांवरचा सिनेमा दाखवणारा एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि ही खूण राजकुमार यांच्या हाताची आहे.

एका कचेरीने मोडीत काढल्यावर त्यांनी मला गारखेड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत आणले, तेल दिले, नवा पट्टा घातला. माझ्यासोबत एकच सिनेमा होता : दोन भाऊ आणि त्यांची आई. दर बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटून झाली की गल्लीतली मुले तोच पुन्हा बघत. मला कधी कंटाळा आला नाही.

आईच्या मरणाचा प्रसंग आला की राजकुमार वरच्या कडेवर अंगठा टेकवून भिंगापुढे तळहात धरत आणि दुसऱ्या हाताने आवाज बंद करत. सत्तेचाळीस सेकंद. त्यांची पत्नी रूपा गेली तेव्हा धाकटा मुलगा सत्यम दोन वर्षांचा होता. गल्लीतल्या मोठ्यांना हे ठाऊक होते, म्हणून कुणी कुरकुरत नसे. सत्यमला वाटे, सिनेमातली आई बाजारला गेली.

गेल्या हिवाळ्यात राजकुमारही गेले. थोरला इंद्रजीत, वीस वर्षांचा, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही. सत्यम शाळेत मारामाऱ्या करी आणि घरी दादाशी बोलत नसे. फुलंब्रीची गोजरआत्या दर रविवारी डबा घेऊन येई आणि विचारी, सत्यमला मी घेऊन जाऊ का? इंद्रजीत हो म्हणेना, नाही म्हणेना. सत्यम दाराआडून ऐकत राही.

वैशाखात आत्याने सत्यमचे कपडे पिशवीत भरले. त्याने मला कपाटावरून खाली ओढले. जायच्या आधी त्याला सिनेमा बघायचा होता.

"केवढं हे धूड," आत्या म्हणाली. "ह्याच्यावर भाकर तरी भाजती का?"

इंद्रजीत उठला. त्याने माझ्यावरची चादर खिडकीला लावली, माझी धूळ पुसली. वर्षभराने मी फिरलो. मित्रांनो, तुमच्या घरी असे एखादे यंत्र बंद पडून असेल, तर त्याला अधूनमधून तेल देत जा. त्यालाही कामच आवडते.

तो प्रसंग आला आणि इंद्रजीतचा हात आपसूक भिंगापुढे आला.

"दादा, हात काढ."

"तुला बघवणार नाय."

"ती बाजारला गेली नाय, ते माहीत हाय मला."

हात खाली आला. भिंतीवर ती आई गेली. तिच्या उशाशी दोघे भाऊ एकमेकांना धरून बसले होते. इतकी वर्षे हेही हाताआड राहिले होते. मी न अडखळता फिरत राहिलो.

रीळ संपले तेव्हा सत्यम दादाला टेकून बसला होता. आत्या पिशवी घेऊन उभी राहिली. इंद्रजीत तिच्याकडे वळला.

"आत्या, ठेव ती पिशवी. मी सोमवारपासून कामावर जातो. सत्या कुठं जाणार नाय, माझ्यापाशी राहील."