स्टेजखालची सतरंजी

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या मराठी मंडळाला सत्कारांची भारी हौस. या वर्षीचा बकरा म्हणजे जगन्नाथकाका. एकाहत्तरच्या लढाईत सैन्यासाठी पूल बांधणारे, मग फौज सोडून तीस-बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात पूल तपासणारे आणि आता मुलीकडे राहायला आलेले. शाल, नारळ, फोटो. त्याआधी तीस पोरांचं लेझीम, त्यात काकांची नात केया.

काका तासभर आधी पोचले आणि त्यांनी सवयीने स्टेजखाली वाकून बघितलं. बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. स्टेज भाड्याचं. पायांच्या जोडांना लोखंडी पिना कमी पडल्या, म्हणून कोणा दीडशहाण्याने वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आवळल्या होत्या.

"हे कोणी केलं?"

मंडळाचा अध्यक्ष श्रीरंग माइक चेक करत होता. "काका, रिलॅक्स. मीपण इंजिनियरच आहे, सॉफ्टवेअरचा का असेना. आम्ही मंडळातल्या दोघांनी वर उड्या मारून बघितल्यात."

"तीस पोरं एका ठेक्यावर उडी मारणार आहेत."

"तुम्ही चीफ गेस्ट आहात ना? चहा घ्या, प्लीज."

चहा घ्या म्हणे! म्हाताऱ्याने मेडलं लावून फोटोपुरतं उभं राहायचं, आणि जन्मभर जे काम केलं त्याबद्दल मात्र तोंड उघडायचं नाही. वर पोटची मुलगी सुलेखा कानाशी येऊन म्हणते, "बाबा, सगळ्यांसमोर तमाशा नको ना."

तमाशा नको म्हणूनच काका एकदा गप्प बसले होते. तेविसाव्या वर्षी, लढाईत. पुलाची एक पिन बसत नव्हती आणि साहेब म्हणाले, वेळ नाही, गाड्या सोडा. काकांनी ओठ शिवले. पहिलाच ट्रक नदीत गेला, ड्रायव्हर बुडाला. त्यानंतर कंत्राटदारांच्या शिव्या खाल्ल्या, बदल्या सोसल्या, पण मनाला न पटलेल्या पुलावर काकांनी सही म्हणून केली नाही.

आता त्यांनी कोपऱ्यातली सतरंजी ओढत आणली आणि स्टेजखाली पसरली.

"श्रीरंग, आमच्या तुकडीत रीत होती. पहिली गाडी जाताना पूल बांधणारा पुलाखाली उभा राहायचा. बस इथे. पोरांना वर मी सोडतो."

दोघेतिघे हसले. श्रीरंगही हसला, मग वाकून त्या पट्ट्यांकडे बघत राहिला. सतरंजीवर काही तो बसला नाही.

"चला, लेझीम खाली फरशीवर घेऊ या," तो पुटपुटला.

"आत्ता अक्कल आली! स्वतःच्या टाळक्यावर येईपर्यंत सगळं मजबूत होतं, काय?" काकांचा आवाज हॉलभर घुमला. श्रीरंगने मान खाली घातली. पोरं लेझीम घेऊन फरशीवर जमली.

केया मात्र आजोबांजवळ आली. "आजोबा, तुम्ही पण असे ब्रिजखाली उभे राहायचा? एव्हरी टाइम?"

काकांचा राग एकदम ओसरला.

"एकदा नाही राहिलो," ते म्हणाले. "पिन बसलेली नाही, हे मला माहीत होतं ना. म्हणून मी काठावर थांबलो."