भिंतीशेजारची बसशाळा

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलेत तर मी बस आहे असे तुम्हाला वाटणार नाही. माझ्यात इंजिन नाही, खाली चाके नाहीत आणि उजवी बाजू पार आत दबून गेली आहे. तरी मी बसच आहे, आणि काही वर्षे मी शाळाही होते. सध्या मी श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्यालगत एका भंगारवाड्यात उभी आहे. मला कापायला माणसे कधी येतील ते मला ठाऊक नाही. म्हणून जे घडले ते तुम्हाला आजच सांगून टाकते.

माझा सांगाडा कारूर गावात तयार झाला. तिथल्या कारागिरांनी लोखंडी नळ्या वाकवून माझ्या छताच्या कमानी केल्या, त्यांवर पत्रा चढवला आणि मला पांढरा रंग दिला. मग मी चेन्नईला आले. रोज सकाळी मैलापूरच्या देवळाच्या तळ्याजवळून माणसे घ्यायची आणि त्यांना इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात पोचवायचे, हे माझे काम. माणसे अर्धवट झोपेत चढायची आणि काचेला डोके टेकून पुन्हा झोपायची. माझा ड्रायव्हर दर शुक्रवारी माझ्या काचेपुढे मोगऱ्याचा गजरा लावायचा. त्या काळात मला कशाचीही भीती वाटली नाही.

पुढे कारखान्याने थंड हवेच्या नव्या गाड्या घेतल्या. मला कॅन्टीनच्या मागे नेऊन उभे केले. माझ्या चाकांभोवती गवत वाढले. एक दिवस दत्तोपंत आले. ते मूळचे साताऱ्याचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मुलाबरोबर चेन्नईला आले होते. दुपारची झोप घेऊन दिवस काढणे त्यांना जमेना, म्हणून त्यांनी चार ओळखीच्या माणसांना घेऊन एक छोटी संस्था काढली होती. परराज्यांतून कामाला आलेल्या मजुरांची मुले दिवसभर उन्हात भटकतात, त्यांना शिकवायचे, एवढाच तिचा हेतू. कारखान्याने मला फुकट देऊन टाकले.

जिथे मला नेले, तिथे रस्त्याच्या एका बाजूला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला मोठमोठी गोदामे. आईबाप कामावर गेले की मुले उभ्या ट्रेलरच्या चाकांमध्ये लपाछपी खेळत. मी येण्याच्या आधी एका मुलाचा पाय तिथेच चाकाखाली सापडला होता. म्हणून मला बंद दारांची एक सुरक्षित खोली व्हायचे होते.

जागा दिली राघोत्तमरावांनी. ते तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले, जॉर्ज टाउनमध्ये त्यांचा किराण्याचा घाऊक व्यापार. त्यांच्या गोदामाच्या आवाराभोवतीच्या उंच भिंतीला बाहेरून लागून एक मोकळा पट्टा होता. तो त्यांनी शाळेला दिला. बाके दिली, फळा दिला, मुलांच्या जेवणाचा तांदूळही दिला. मोबदल्यात एकच गोष्ट मागितली. त्या भिंतीवर त्यांच्या दिवंगत आईचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवायचे. ‘तुळजाबाई स्मृती शाळा’. माणूस खरोखर उदार होता, हे मी आधीच सांगते. वाईट माणसाची गोष्ट सांगणे सोपे असते. ही तशी नाही.

माझी चाके काढली आणि क्रेनने मला उचलून सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवले. माझी उजवी बाजू भिंतीकडे आणि डावीकडचे दार रस्त्याकडे. भिंत आणि मी यांच्यात तेव्हा एक छोटी गल्ली होती. मुले तिच्यातून धावत जायची.

शिकवायला गोदाबाई आल्या. मैलापूरच्या शाळेत जन्मभर शिकवून त्या मोकळ्या झाल्या होत्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि मध्येच तमिळकडे वळणारी. मुलांशी त्या तमिळ बोलत, नाही कळले तर मोडके हिंदी, तेही नाही कळले तर हातांनी दाखवीत. मुले त्यांना ‘मिस’ म्हणत. मिनती नावाची एक ओडिशाची मुलगी होती. धाकटी बहीण झिली हिला कडेवर घेऊनच ती शाळेत येई. झिलीला माझ्या शेवटच्या बाकावर झोपवायचे आणि मग अक्षरे गिरवायची. वर्षभरात मिनती तमिळ वाचू लागली. ती पहिल्यांदा रस्त्यावरच्या ट्रेलरवरचे नाव मोठ्याने वाचत होती, तेव्हा सगळी मुले खिडक्यांना चिकटली होती. त्या दिवशी, मित्रांनो, मला माझ्या चाकांची आठवण झाली नाही.

मग एका वर्षी पाणी भरले. गोदामातला माल भिजला. दुसऱ्या वर्षी तसे होऊ नये म्हणून गोदामाच्या अंगणात भर टाकायला सुरुवात झाली. मातीने भरलेले ट्रक येत आणि भिंतीच्या पलीकडे रिकामे होत. ते मला दिसत नव्हते, पण प्रत्येक ढिगाचा धक्का मला जमिनीतून कळायचा. भिंत नुसती आडोशासाठी बांधलेली होती. मातीचा भार पेलण्यासाठी ती नव्हती.

पहिल्यांदा बदल झाला तो गल्लीत. धावत जाणारी मुले तिथे अंग तिरके करून जाऊ लागली. काही महिन्यांनी मुलांना तिथून जाता येईना, फक्त मांजर जाई. माझ्या उजव्या खिडक्यांतून येणारा उजेड कमी झाला, आणि गोदाबाई त्या बाजूच्या मुलांना लाडाने म्हणाल्या, “पुढे सरून बसा, कण्णा, तिकडे दिसत नाही.” नंतर मांजरही यायचे थांबले. वर्ग शांत असला की भिंतीच्या आतून बारीक वाळू सांडल्यासारखा आवाज येई. मुलांना वाटे पाल आहे.

गोदाबाईंना मात्र तो आवाज पालीचा वाटला नाही. एका दुपारी त्यांनी दत्तोपंतांना आत बोलावले आणि उजवी खिडकी सरकवून दाखवली.

“हात बाहेर घालून पाहा,” त्या म्हणाल्या. “मागच्या पोंगलला येथून लेकरं हात काढून फुलपाखरं धरीत होती. भिंत आंत येते आहे हो.”

दत्तोपंतांनी हात घातला. बोटे लगेच भिंतीला लागली. त्यांनी हात आत घेतला आणि खिडकी लावली.

“राघोत्तमरावांना सांगायला हवं,” ते म्हणाले. “पण आत्ता नको, गोदाताई. पुढच्या महिन्यात बालदिन आहे. त्या दिवशी ते पक्क्या वर्गखोल्या जाहीर करणार आहेत. आत्ता त्यांच्या भिंतीला नावं ठेवली तर त्यांना काय वाटेल? आपल्याकडे म्हणतातच, धर्माची गाय, तिचे दात का मोजायचे?”

“गाय दूध देते म्हणून दात मोजू नयेत, सरि, कबूल,” गोदाबाई म्हणाल्या. “ती शिंग उगारून उभी राहिली तर?”

दत्तोपंत हसले, पण ते हसू टिकले नाही. ते भित्रे नव्हते. त्यांना इतकेच वाटत होते की एक शब्द चुकीचा गेला तर ही मुले पुन्हा ट्रेलरच्या चाकांमध्ये जातील. गोदाबाईंनाही तीच भीती होती. म्हणून त्यांनी शाळा बंद केली नाही. सगळी बाके ओढून दाराच्या बाजूला घेतली आणि पाऊस असेल त्या दिवशी मुलांना घरी पाठवू लागल्या.

बालदिनाच्या आदल्या आठवड्यात पाऊस थांबलाच नाही. भिंतीला एक भेग गेली. ती तुळजाबाईंच्या नावातून, अक्षरांच्या मधून, खाली उतरली. समारंभासाठी रंगारी आला. त्याने भेगेत लांबी भरली, वरून रंग मारला आणि नाव पुन्हा सुबक काढले. संध्याकाळपर्यंत भेग रंगाच्या खालून पुन्हा दिसू लागली, केसासारखी बारीक.

बालदिनाच्या दिवशी सकाळी ऊन पडले. सगळे म्हणाले, चला, नशीब चांगले. मला मात्र माझ्या ठोकळ्यांखालची जमीन मऊ झालेली जाणवत होती.

राघोत्तमराव पाहुण्यांना घेऊन आले. मुलांनी बसमध्ये बसून गाणे म्हणायचे, खिडक्यांतून हात हलवायचे आणि मागे भिंतीवरचे नाव दिसेल असा फोटो काढायचा, असे ठरले होते. पण माझ्या दाराला कुलूप होते. मुले रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीच्या छपराखाली ओळीने बसली होती आणि गोदाबाई त्यांच्यापुढे उभ्या होत्या.

राघोत्तमराव चिखल ओलांडून त्यांच्याजवळ गेले.

“हे काय, गोदाबाई? लेकरांना रस्त्यावर बसविलंत?”

“आंत नाही बसवणार,” त्या म्हणाल्या. “तुमची भिंत पडणार आहे.”

पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. दत्तोपंतांनी मान खाली घातली. राघोत्तमरावांचा चेहरा उतरला.

“त्या भिंतीवर माझ्या आईचं नांव आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “ह्या लेकरांसाठी मी काय कमी केलं, ते सांगा.”

“कांही कमी केलं नाही. म्हणून तर कोणी सांगत नाही तुम्हाला,” गोदाबाई म्हणाल्या. “मी सांगते. खोल्या नका देऊ, तांदूळ नका देऊ. पण आधी जाऊन ती भिंत बघून या.”

ते रागानेच माझ्याकडे आले. माझ्या मागच्या कोपऱ्यापाशी उभे राहून त्यांनी भिंत आणि मी यांच्यातल्या फटीत हात घालायचा प्रयत्न केला. हात गेला नाही. त्यांनी वर पाहिले. भिंतीचे पोट पुढे आले होते आणि वरची कड माझ्या छतावर झुकली होती. त्यांचा राग तिथेच ओसरला. ते दोन पावले मागे सरले.

“दत्तोपंत,” त्यांनी हाक मारली, “मला का नाही सांगितलंत?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून,” दत्तोपंत म्हणाले.

त्याच वेळी टपरीखालून मिनतीचा आवाज आला. “मिस, झिली कुठे आहे?”

मला ठाऊक होते. माझ्या मागच्या बाजूला संकटकाळी उघडायचे एक दार आहे. त्याची कडी कधीच मोडली होती. समोर कुलूप पाहून, आता चालू लागलेली ती चिमुकली मागच्या ठोकळ्यावर चढून आत आली होती आणि रोजच्यासारखी शेवटच्या बाकावर झोपली होती. मित्रांनो, वस्तूंना सगळे ठाऊक असते आणि सांगता काहीच येत नाही, यासारखे दुःख नाही.

गोदाबाईंना एका क्षणात उमगले. त्या धावल्या. एवढ्या वयात त्या इतक्या धावू शकतील असे मला वाटले नव्हते. मागच्या दारातून त्या आत शिरल्या, झिलीला उचलले आणि दारात उभ्या असलेल्या राघोत्तमरावांच्या हातात दिले. तेवढ्यात तो वाळूचा आवाज थांबला. मला त्या शांततेची सर्वांत जास्त भीती वाटली.

मग भिंत आली. आधी विटा आल्या नाहीत, आधी माती आली, ओली आणि जड. माझ्या उजव्या काचा सगळ्या एकदम गेल्या. छताच्या कमानी कण्हल्या. पुढच्या वाकल्या, मागच्या दोन तग धरून राहिल्या. त्यांच्याच खाली गोदाबाई होत्या. एक बाक त्यांच्या कमरेवर आडवे पडले होते.

राघोत्तमरावांनी झिलीला दत्तोपंतांकडे दिले आणि ते स्वतः हातांनी माती उपसू लागले. टपरीवाला आला, ट्रेलरचे ड्रायव्हर आले, पांढरे कपडे घातलेले पाहुणे आले. गोदाबाईंना बाहेर काढले तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. त्यांनी विचारले, “लेकरं मोजलीत का?” दत्तोपंतांनी मान हलवली. सगळी होती. तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.

गोदाबाई वाचल्या, पण त्यांची कंबर पहिल्यासारखी झाली नाही. त्या आता काठी घेऊन चालतात आणि खुर्चीत बसून शिकवतात. दवाखान्यात दत्तोपंत रोज त्यांच्या खाटेपाशी येऊन बसत. एकदा म्हणाले, “मी तेव्हाच सांगायला हवं होतं.” गोदाबाई म्हणाल्या, “आता पुढे सांगत जा.” त्यापलीकडे त्या दोघांत या विषयावर बोलणे झाले नाही. हे मला कळले ते दत्तोपंत माझा निरोप घ्यायला आले तेव्हा. स्वतःशीच बोलावे तसे ते माझ्याशी बोलत होते.

राघोत्तमरावांनी उरलेली भिंत पाडली आणि माती हलवली. नव्या खोल्या कुठे बांधायच्या हे त्यांनी मुलांच्या आयांना विचारले. बायकांनी रस्त्यापासून दूर, उंचावरची जागा दाखवली. तिथे शाळा झाली. तिच्यावर कोणाचेही नाव नाही. पण त्या रस्त्यावर अशी गोदामे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या भिंतींच्या पलीकडे अजूनही ट्रक रिकामे होत असतात. सावली आहे म्हणून मुले त्या भिंतींना टेकून बसतात.

आणि आता हे शेवटचे. या भंगारवाड्यात माझ्याशेजारी एक जुनी व्हॅन उभी आहे. कोणीतरी भल्या मनाने ती एका शाळेला द्यायला घेतली आहे. गेले काही दिवस तिला पिवळा रंग देत आहेत. बाजूंवर फुले आणि अक्षरे काढली आहेत, फार सुंदर. पण तिच्या तळाचा पत्रा गंजून विरला आहे, आणि त्यावर नवी निळी चटई चिकटवून टाकली आहे. मी सगळे पाहिले. उद्या-परवा ती इथून जाईल.

मित्रांनो, दान जरूर द्या, आणि घेणाऱ्यांनी ते आनंदाने घ्या. पण तुमच्या गल्लीत कधी फुलांची पिवळी व्हॅन आली, तर मुलांना आत बसवण्याआधी खाली वाका आणि ती चटई उचलून बघा.