नव्या यंत्रातला म्हातारा

घोड्याच्या जागी रिकामा चौकोन होता. वजिराच्या जागीही चौकोन, उंटाच्या जागी उलटं प्रश्नचिन्ह. पट मात्र नीट, काळापांढरा, जसं काही बिघडलंच नाही... तिनं चष्मा काढून डोळे चोळले. प्रोग्रॅम निदान सुरू तरी झाला होता. सकाळपासून तो नुसता उघडायचा आणि तोंड फिरवल्यासारखा मिटायचा.

अण्णांचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, म्हणून दादानं हा नवा पाठवला. हा वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, आणि अण्णांचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम फक्त जुन्या सिस्टिमसाठी लिहिलेला. दोघांच्या मध्ये दुभाष्यासारखा बसणारा आणखी एक प्रोग्रॅम मिळतो, असं कळल्यावर तिनं आजचा सुट्टीचा दिवस त्यातच घातला होता.

"अगं, एवढा जीव कशाला काढतेस?" दादा फोनवर म्हणाला होता. "याहून भारी प्रोग्रॅम फुकट मिळतात. एखादा टाकून दे."

"त्यांना भारी नकोय रे. त्यांना तोच हवाय."

पण तोच का, हे दादाला कसं सांगणार? ती कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत मेण, साचे, पॉलिशची धूळ यात तिची निम्मी हयात गेली, आणि जुनीपेक्षा सरस कवळी हातात घेऊन, ती नीट बसत असूनही, 'ही माझी नाही वाटत' म्हणणारी माणसं तिनं पाहिली आहेत. आई गेल्यापासून अण्णा रोज चहानंतर या प्रोग्रॅमशी एक डाव खेळत. त्याला ते 'म्हातारा' म्हणत. बहुतेक वेळा हरत, कधी जिंकत, आणि जिंकले की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहत, काही न बोलता, तिनं विचारेपर्यंत...

जुन्या डिस्कवरून मोहऱ्यांच्या चित्रांचा फॉन्ट आणून बसवला तेव्हा घोडा उमटला.

"अण्णा, आला तुमचा म्हातारा!"

अण्णा लगबगीनं आले, खुर्ची ओढून बसले, हात चोळले. आणि हरले. दुसरा डाव मांडला, तोही लवकर आटोपला. तिसऱ्यात वजीर गेला तेव्हा त्यांनी माऊस हलकेच बाजूला सरकवला, ताट सारावं तसा, आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

"पूर्वी असा नव्हता हा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "का मीच..."

तिनं शोधाशोध केली. कारण साधं होतं. म्हाताऱ्याला प्रत्येक चालीसाठी ठरावीक वेळ दिलेला. नवा कॉम्प्युटर इतका वेगवान, की तेवढ्याच वेळात तो कितीतरी पुढचं पाहत होता. म्हणजे तुमचं काही चुकत नाही, अण्णा... तिनं धावत जाऊन सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "असं होय," म्हणाले. दादा नापास झाला तेव्हा आईनं पेपर अवघड होता म्हणून सांगितलं होतं, त्या वेळी ते असंच 'असं होय' म्हणाले होते.

पण खरंच कारण तेवढंच का? तिच्या मनात येत राहिलं. परवा केस कापून परतताना अण्णा कोपऱ्यावर कितीतरी वेळ उभे होते. शेजारच्या काकूंनी आणून सोडलं. 'ऊन लागलं असेल,' काकू म्हणाल्या, आणि मीही लगेच म्हटलं, हो, ऊनच. आभाळ भरून आलेलं होतं त्या दिवशी... यंत्र वेगवान झालंय हे खरं. पण त्या खरेपणाच्या आडोशाला आणखी काय उभं आहे, ते वाकून पाहायची माझी छाती होत नाही.

अण्णा दुपारी आडवे झाले तेव्हा तिनं म्हाताऱ्याचा वेळ कमी केला. मग आणखी कमी केला. स्वतः एक डाव खेळून पाहिला. तिला जेमतेम चाली येत होत्या, तिला कसलं कळणार? अंदाजानं एक आकडा ठेवला आणि चहा टाकला.

चहानंतर अण्णा स्वतःहून बसले. ती शेजारी कपड्यांच्या घड्या घालत राहिली. डाव बराच लांबला, आणि अण्णा जिंकले. ती वाट पाहत होती, आता हसतील, आता वळतील... ते पटाकडेच बघत होते.

"मधे हत्ती फुकट दिला त्यानं," ते सावकाश म्हणाले. "असा देत नसे कधी. थकला गं म्हातारा."

"होतं असं कधीकधी," ती म्हणाली. आवाज नको तितका मोकळा लागला.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं? कळलं होतं त्यांना? की नुसतंच... आणि कळलं असेल तर ते तिला सांभाळून घेत होते का, इतकी वर्षं घेत आले तसे?

"अजून एक मांडू?" त्यांनी विचारलं.

"मांडा ना."

त्यांनी प्यादं पुढे केलं. ती घडी अर्धवट टाकून त्यांच्या हाताकडे बघू लागली — बोट थबकतंय का, घोडा चुकीच्या घरात जातोय का, आताच केलेली चाल ते विसरले तर नाहीत ना. अण्णांच्या शेजारी नुसतं बसणं तिला यापुढे जमणार नाही, हे तिला कळत होतं, आणि तरीही नजर हलत नव्हती. अण्णांचा हात उंटापाशी गेला, थांबला. विचार करत असतील. विचारच करत असतील.