कस्तुराचा डावा हात

भीमराजची लेक कस्तुरा इराणहून परतली ती दोनच किमती चिजा घेऊन. एक जाडजूड ब्लँकेट आणि एक गाडी चालवायचं लायसन. ब्लँकेट तिच्या आईनं, तानुबाईनं, लगोलग ट्रंकेत कोंबलं. लायसनचं काय करायचं ते मात्र कुणालाच उमगेना.

कस्तुरा शिकलेली नर्स. तिकडच्या एका आडगावातल्या इस्पितळात ती होती, आणि तिथला ड्रायव्हर नोकरी सोडून गेल्यावर पेशंट आणायची गाडीही तीच हाकू लागली. मग तिकडं राज्य उलथलं, आणि ती पिंपरीत बापाच्या दोन खोल्यांत परत आली. नेमकी तेव्हाच वस्तीतल्या दवाखान्याला अँब्युलन्स मिळाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाडीवर मला तूच हवीस. पण इथलं लायसन आण. महिना-दीड महिना कशीबशी थांबेन, मग दुसरा माणूस बघावा लागेल."

भीमराज स्वतः कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. चाकणकडच्या गावांतले कामगार शिफ्टला आणायचे आणि परत सोडायचे, यात त्याचे केस पिकले. बाईमाणसानं अँब्युलन्स चालवायची हे काही त्याच्या पचनी पडेना. तोंडावर बोलला नाही, कारण लेकीपुढं त्याची तशीही डाळ शिजत नसे.

आरटीओचा कॅम्प चाकणला भरायचा. गॅरेजवाल्या शफीनं भीमराजच्या दोस्तीखातर आपली जीप दिली आणि स्वतःही आला. साहेबांनी ते परदेशी लायसन उलटसुलट करून पाहिलं. त्यावरची फारसी लिपी उर्दूसारखीच. शफीला उर्दू येत होती, त्यानं अक्षर लावून नाव वाचून दाखवलं. साहेब हसले. "नाव चांगलं आहे, पण हे इथं चालत नाही. परीक्षा द्या."

कस्तुरानं जीप अशी झोकात काढली की बघणारे बाजूला झाले. पण वळण आलं आणि घात झाला. तिकडं ड्रायव्हर डावीकडं बसतो, हात दाखवायचा तो डाव्या खिडकीतून. इथं तिच्या डावीकडं खिडकी नव्हती, साहेब होते. हात सणसणीत त्यांच्या कानावर बसला.

"बाई," कान चोळत साहेब म्हणाले, "गाडी झकास चालवता. पण आमच्याकडं साहेबाला थप्पड देऊन वळत नाहीत. पुढच्या कॅम्पला या."

घरी कस्तुरा जेवली नाही. तोड काढली तानुबाईनं. तिनं लेकीच्या उजव्या हातात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरल्या आणि डावा मोकळाच ठेवला. "वाजंल त्यो हात भाईर काढायचा. इसरायचं न्हाई."

शेजारची गिरजाबाई गप्प बसणारी थोडीच! "का गं, एका हाताचं लगीन लागलं आन् एकाचं ऱ्हायलं व्हय?" कस्तुरा मनमोकळं हसली आणि तशीच चारचौघांतून जीपकडं गेली. भीमराजला त्या घडीला तिचा अभिमान वाटला. आपण असतो तर लाजेनं मेलो असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सांगवीच्या रस्त्यावर सराव सुरू झाला. बांगड्यांचं औषध लागू पडलं. पण एकदा अचानक म्हैस आडवी आली. कस्तुरानं ब्रेक दाबला, तिचा उजवा हात आडवा झेपावला आणि दारावर आदळला. चार बांगड्या फुटल्या. शेजारी बसलेल्या भीमराजचं कपाळ काचेवर आपटलं.

"आता ह्यो हात कशाला फेकलास?"

"तिकडं शेजारचं माणूस उजवीकडं बसायचं, आबा. ब्रेक मारला की त्याच्या छातीपुढं हात जायचा. कधी पोटुशी बाई असायची, कधी पोर मांडीवर घेतलेली आई. सवयच लागली."

भीमराज कपाळ चोळायचं विसरला. उभ्या जन्मात ब्रेक मारताना त्याचा हात कधी कुणासाठी स्टिअरिंगवरून निघाला नव्हता. आपली लेक आपल्यापेक्षा मोठी ड्रायव्हर आहे, हे त्यानं मनोमन कबूल केलं. तो वाकला आणि काचा वेचू लागला.

दुसरा कॅम्प कांद्याच्या बाजाराच्या दिवशीच आला. साहेबांनी तिला ओळखलं आणि ते दाराला इतके चिकटून बसले की शफीला हसू आवरेना. भीमराज मागच्या बाकावर जीव मुठीत धरून होता. आज हुकलं तर दवाखाना थांबणार नव्हता.

पहिलं वळण आलं. बांगड्या वाजल्या, उजवा हात बाहेर. दुसरं वळण, तसंच. साहेब जरा सैल बसले. तेवढ्यात पुढच्या ट्रकमधून कांद्याचं पोतं धाडकन रस्त्यावर पडलं.

जीप जागच्या जागी थांबली. मागं भीमराजचं नाक बाकावर आदळलं, साहेबांचा चष्मा उडाला. पण साहेब मात्र आपटले नाहीत. कस्तुराचा मोकळा डावा हात त्यांच्या छातीपुढं आडवा होता.

"बाई, पुन्हा हात?" साहेब खेकसले. मग त्यांनी वीतभर अंतरावरची काच पाहिली आणि आवाज उतरला. "हा मारायला आला नव्हता."

"शेजारी माणूस होतं, साहेब," कस्तुरा म्हणाली.

साहेबांनी चष्मा शोधला आणि सही केली. भीमराज नाक धरून खुळ्यासारखा हसत होता. शेजारचं माणूस आता डावीकडं असतं, हे त्या हाताला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा तोच शिकला होता.

परतताना ती म्हणाली, "आबा, पुढं बसा." शफी मागं गेला. मोशीजवळ एक बैलगाडी आडवी आली. ब्रेक लागला आणि भीमराजच्या छातीपुढं तो हात आला. साऱ्या हयातीत त्यानं बसभर माणसं सुखरूप पोचवली होती, पण त्याच्यासाठी असा हात कुणी धरला नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

"लागलं का हो, आबा?"

"न्हाई गं," भीमराज म्हणाला. "आनखी येकदा मार की ब्रेक."